ड्यूईच्या बदल्यात ड्यूई

ति. एल्डनकाका यांना सिग्नेचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? परसातल्या रूबार्बला यंदा पाणी पुरतंय का? उत्तर येणार नाही हे धरूनच विचारते आहे, कारण ड्यूई आम्ही केटल बेंडच्या संघाला दिला त्या दिवसापासून, म्हणजे आज त्रेपन्न दिवस, तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. मैदानावरची, तिसऱ्या बेसमागची तुमची खुर्चीही त्रेपन्न दिवस रिकामी आहे. (सामने अठ्ठावीस झाले. बाकीचे दिवस आम्ही बसमध्ये होतो.)

हे पत्र माफीचं नाही. आपल्या बेसबॉल संघाने, मॅलर्ड्सनी, मला चेंडूचा वेग, फिरकी आणि वेळ मोजायला नोकरीवर ठेवलं आहे. ड्यूई चौतीस वर्षांचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा. दुसऱ्या बेसवर चेंडू पोचवायला त्याला २.१४ सेकंद लागतात, तेवढ्यात समोरचा धावपटू पोचून पँट झटकून उभा असतो. मी अकरा पानांचा अहवाल लिहिला. संघाने ड्यूई दिला आणि त्याच्या बदल्यात टोबिन नावाचा डावरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला, शिवाय 'एक खेळाडू, नाव नंतर ठरेल'. ड्यूई तुमच्या घरी चार उन्हाळे राहिला, लॉइसकाकू गेल्यावर सकाळचे पॅनकेक तोच भाजायचा, हे मला माहीत होतं. अहवालात त्याला रकाना नव्हता. रविवारच्या जेवणात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "सिग्ने, तुझ्या यंत्राला चेंडू दिसतो गं, माणूस नाही दिसत." यंत्र त्यासाठी बनवलेलंच नाही, काका. आणि अदलाबदलींवर तुम्ही रागवावं हेही नवलच. सत्त्याऐंशी साली मॅलर्ड्सनी शॉर्टस्टॉपचा खेळाडू देऊन बसचे दोन टायर घेतले, ही गोष्ट तुम्हीच मला दर नाताळात सांगता, आणि दर वेळी शेवट एकच करता: टायर जास्त टिकले.

आता पुढचं. क्लबची रीत तुम्हीच घालून दिलेली आहे, की खेळाडू गावातल्या घरांत राहतात आणि ज्याच्या घरचा खेळाडू जातो त्याच्याच घरी बदली खेळाडू उतरतो. म्हणून टोबिन दोन बॅगा घेऊन तुमच्या जाळीच्या दारापाशी आला. तुम्ही काय म्हणालात ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं.

"खोली भरलीय."

"पण कॉट तर रिकामी दिसतेय, सर."

"ज्याची आहे तो केटल बेंडला गेलाय. कोणी पाठवला ते तिलाच विचार."

तो विचारायला आला आणि राहिला. माझ्या घरी दीड खोली आहे. टोबिन रोज नऊ अंडी खातो आणि मोठ्याने घोरतो (खिडकीची काच थरथरते, मी हात लावून पाहिलं आहे). पिचरच्या जागेपासून फलंदाजाच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर साडेअठरा मीटर, माझा बोळ साडेसहा. तो बोळातच सराव करतो. मंगळवारी चेंडू गरम पाण्याच्या टाकीला लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छत्री उघडून जेवण केलं आणि तसं मला कळवलं.

मैदानावरही तेच. त्याचा चेंडू ताशी चौऱ्याण्णव मैलांनी येतो आणि शेवटच्या क्षणी खाली वळतो. तो कोणालाच पकडता येत नाही. आमच्या नव्या कॅचरचा वेळ १.९३ सेकंद आहे, पण फेकायला आधी चेंडू हातात यावा लागतो. आठ सामन्यांत सतरा चेंडू त्याच्या मागे गेले, एक पंचाच्या गुडघ्यावर बसला. ड्यूईने ते सगळे अंगावर झेलले असते, असं ड्रेसिंग रूममध्ये माझ्याकडे न बघता बोललं जातं. बोलू दे. मी फेक मोजली होती आणि ती बरोबर मोजली होती.

गेल्या सोमवारी 'नाव नंतर ठरेल' त्या खेळाडूचं नाव ठरवायची मुदत संपत आली. केटल बेंडकडून पाच नावांची यादी आली. पाचवं नाव ड्यूईचं. मॅनेजरने मला विचारलं, मी आकडे पाहून ड्यूई निवडला. म्हणजे आम्ही ड्यूई दिला आणि टोबिन व ड्यूई घेतले. मॅलर्ड्सच्या इतिहासात यापेक्षा फायद्याचा व्यवहार दाखवा. टायरसुद्धा एवढे स्वस्त पडले नव्हते. तेव्हा हा व्यवहार फसला असं यापुढे कोणी जेवणाच्या टेबलावर म्हणू नये, ही विनंती नाही, सूचना आहे.

तुमची,
सिग्ने

ता. क. ड्यूई गुरुवारी दुपारच्या बसने येतोय. त्याची खोली तुम्ही भाड्याने दिलेली नाही, हे मी खिडकीला अजून त्याचाच पडदा आहे त्यावरून ताडलं आहे. खोली चार मीटर बाय साडेतीन आहे, त्यात दोन कॉट बसतात. टोबिनची कॉट मी बुधवारी पाठवते. टोबिनसकट.

ता. क. २ वर पाच नावं लिहिली. यादीत चारच होती. पाचवं मी फोन करून मागवलं. केटल बेंडवाले लगेच हो म्हणाले, एवढं माझ्या अहवालाच्या बाजूने. मॅनेजरला हे ठाऊक नाही. निवडीच्या कारणापुढे मी 'अनुभव' लिहिलं आहे. ते खोटं नाही, अपुरं आहे.

ता. क. ३ शुक्रवारी सामन्याआधी ड्यूईची फेक मी पुन्हा मोजणार आहे. आकडा २.१४ च येईल. पटत नसेल तर खुर्चीवरची गादी घेऊन या आणि समोर बसून बघा.