एकतीस बायका, त्र्याण्णव कार्डं

२४ जानेवारी, शुक्रवार

सगळ्यांच्या आधी कोण आलं असंल? केराबाई न्हाय — केराबाईचा नवरा! रावजी. पांढरा सदरा, डोक्याला तेल, हातात कार्ड. "हितंच हाय ना हळदीकुंकू?" म्हणून उंबऱ्यात उभा. सूनबाईच्या हातातला करंडा हातातच ऱ्हायला. मला वाटलं वाट चुकला असंल, तर न्हाय. कार्डावर नाव छापलेलं. रावजी. नुसतं रावजी. खाली, हळदीकुंकवाला अवश्य यावे.

त्याच्या मागनं माने टेलर आला. पन्नाशीचा, लगीन न झालेला माणूस, इस्त्रीची प्यांट घालून. त्याच्यापाशी तर चार कार्डं! म्हणला, चारचारदा बोलावलंय, न येणं बरं दिसंना. मंग आणिक पाच पुरुष. ओळीनं कट्ट्यावर बसले, तिळगूळ खाल्ला, वाणाच्या चाळण्या काखेत मारल्या आन गड्ड्याच्या जत्रेत औंदा पाळणं किती आल्यात त्याच्या गप्पा मारत गेले. बायका पदर तोंडाला लावून हसत्यात. मला बी लई हसू आलं, खोटं कशाला लिवू. आमच्याकडं आता विधवांना बी कुंकू लावत्यात, मला बी लावत्यात, सूनबाईनंच चार वर्सांमागं सुरू केलं. तवा बी भवानी पेठेत एवढी चर्चा झाली न्हवती.

हसणं तितंच थांबलं. दारात कोंडीबा.

शिवबाईचा नवरा. अकरा वर्सांमागं एक दिवस न सांगता उठला आन अक्कलकोटला थोरल्या बहिणीकडं गेला, तो गेलाच. का गेला ते शिवबाईनं मला बी कधी सांगितलं न्हाय. आन आमी दोघी चाळीस वर्सं भिंतीला भिंत लावून ऱ्हातोय, एकाच कारखान्यात टॉवेलांना शिलाई मारलीय. तो गेल्यापास्नं ती त्याचं नाव लावत न्हाय. शिवबाई, बास. कुणी पुढं काय जोडलं तर दोन दिवस बोलत न्हाय.

आन आज तो दारात, बहीण संगं. त्याच्या बी हातात कार्ड.

शिवबाई उठली. वाण घेतलं न्हाय. मागच्या दारानं निघाली. मी आडवी गेले तर हळूच म्हणली, "बजे, तू बी त्यांच्यातलीच निघालीस."

एवढंच.

कोंडीबा मान खाली घालून बसला, पाणी प्याला. जाताना बहीण म्हणली, येतो परत. कधी ते बोलली न्हाय.

हे कुणीतरी मुद्दाम केलंय. मी शोधून काढणार.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळच्या च्याला शिवबाई आली न्हाय. तिचा कप मी मांडला, उचलला.

२६ जानेवारी, रविवार

बसप्पाला धरलं. फुलवाला बसप्पा, रोज पहिल्या एस्टीनं अक्कलकोटाहून फुलांची पाटी घेऊन येतो. छापखान्यातला गठ्ठा मीच त्याच्या हातात दिला व्हता, बांधलेला तसाच — घरोघरी जातोस, फुलांसंगं हे बी दे म्हणून. तर अक्कलकोटचं कार्ड अक्कलकोटवाल्यानंच न्हेलं असणार! सरळ हाय की.

तर तो माझ्यावरच उखडला. "नाव वाचलो, दिलो, अज्जी. कार्डावर कोंडीबा लिवलंय, मला कोंडीबा एकच ठाऊक हाय, त्याला दिलो. माझं काय चुकलं सांगा की." मान्यांची कार्डं चार आली, चारी माने टेलरला. जाधवांची सात आली, ती जाधवांच्या दुकानात ठेवली. मी म्हणलं, अरे एवढी कार्डं बघून तुला शंका आली न्हाय? म्हणला, मला वाटलं मोठं कार्य हाय.

मंग पाटीतनं एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "हे एक उरलंय. ह्यांचा पत्ता मला सापडंना."

ज्ञानबा.

आमच्या मालकांचं नाव. जाऊन नऊ वर्सं झाली. मी म्हणलं, पत्ता मला बी ठाऊक न्हाय बाबा, ऱ्हाऊ दे माझ्यापाशी.

हसू का रडू कळंना. ते आले असते तर चार चाळण्या मागून घेतल्या असत्या.

बसप्पानं आणिक एक दाखवलं. आडनावाच्या कार्डांवर नावामागं बारीकशी शेपटी हाय. स्वल्पविराम. माने आन शेपटी. जाधव आन शेपटी. केराबाईला शेपटी न्हाय, रावजीला न्हाय. हे काय गौडबंगाल?

२७ जानेवारी, सोमवार

आता संशय सूनबाईवर. राजेश्वरी मनानं चांगली हाय, पण तिला लोकांचं मोडलेलं जोडायची लई हौस. शिवामावशी एकट्या पडल्यात, शिवामावशींचं वाईट वाटतं, असं उठता बसता चालू असतंय. जेवताना सहज इचारलं, कोंडीबाचं कार्ड तू घातलंस का? भाकरी तव्यावर टाकून माझ्याकडं वळली. "आत्याबाई, तुमी माझी झडती घेताय?" मी म्हणलं झडती न्हाय, चौकशी. भाकरी करपली. ती मलाच वाढली.

ऋतुजा, माझी नात, पलीकडं मोबाईलात तोंड घालून हसत व्हती. का हसती ही? लिवून ठेवते.

२८ जानेवारी, मंगळवार

सापडलं! सगळं सापडलं.

ऋतुजा कॉम्प्युटरच्या क्लासला जाती, पीएचपी म्हणून काय असतंय ते शिकती. हळदीकुंकवाची कार्डं मी त्यात करते म्हणली व्हती, मला नावं घालायचा सराव होईल म्हणून. आज तिच्यापुढं बसकण मारली. म्हणलं, काय केलंस ते दाखव, नाहीतर उठत न्हाय. आदी हसली. पडद्यावर बघितल्यावर हसायची थांबली.

पडद्यावर एक लांबच लांब ओळ. सगळ्या बायका एकामागं एक. केराबाई रावजी माने, स्वल्पविराम, दुसरी बाई, स्वल्पविराम, तिसरी. आपल्याला त्या एकतीस दिसत्यात, मशीनला ती एकच लांबडी चीज. स्ट्रिंग म्हणत्यात म्हणं तिला. आता एकेक कार्ड वेगळं पायजे, तर ती ओळ फोडून खणाखणात घालावी लागती. मिसळणाच्या डब्यात वाट्या असत्यात तशी. त्या खणांच्या डब्याला अ‍ॅरे म्हणायचं. आन फोडायच्या हुकमाचं नाव एक्सप्लोड. त्याला दोन गोष्टी सांगायच्या — फोडायचं काय, आन कशापाशी फोडायचं.

मी इचारलं, मंग तू कशापाशी सांगितलंस?

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. तितं काहीच न्हवतं. दोन खुणांच्या मधी रिकामं. "दोन शब्दांच्या मधे मोकळी जागा असते ना आजी, तिथं फोड म्हणाले. स्वल्पविरामापाशी म्हणायला हवं होतं." आन कपाळावर हात मारून घेतला.

म्हणजे केराबाई एका खणात, रावजी दुसऱ्या, माने तिसऱ्या! बाईच्या नावाला नवरा चिकटलेला, नवऱ्याला आडनाव. हे तिघं मिळून एकच बाई, हे मशीनला कोण सांगणार? मोकळी जागा दिसली की तोडलं. एकतीस त्रिक त्र्याण्णव. छापखान्यानं बी त्र्याण्णवच छापली, मला वाटलं जास्तीची दिली असतील. आन ती शेपटी म्हणजे तो स्वल्पविराम — त्याच्यापाशी तोडायचं व्हतं, तो मान्यांच्या गळ्यात तसाच लोंबत ऱ्हायला.

मी म्हणलं, बाई, हे शेंगा फोडल्यासारखं हाय. जोडावर दाबली तर दाणे आख्खे निघत्यात. भलतीकडं दाबली की चुरा. ऋतुजा म्हणली, आमच्या सरांना हे सांगते.

मंग तिनं मोकळी जागा काढून तितं स्वल्पविराम घातला. बटन दाबलं. एकतीस! आख्ख्या बायका, नवऱ्यासकट, आडनावासकट. पहिली केराबाई सोडली तर प्रत्येकीच्या पुढं एक बारीक फट ऱ्हायली व्हती, तिला बी दुसरा हुकूम हाय, ट्रिम. मिरचीचं देठ खुडल्यासारखं खुडून टाकलं. फक्त एक मला पटलं न्हाय. पहिल्या खणाचा नंबर शून्य. शून्यात केराबाई बसली कशी? ऋतुजा म्हणली मोजणी शून्यापासूनच असते. असंल. मी लक्ष ठेवणार हाय.

लई आनंद झाला मला. एवढा तपास केला आन गुन्हेगार निघाला कोण, तर एक मोकळी जागा!

उद्या शिवबाईकडं जाते.

२९ जानेवारी, बुधवार

आज अवस. अवसेला जाऊ नका म्हणली सूनबाई. गेले.

शिवबाई सुपात तूर निवडत व्हती. ये म्हणली न्हाय, जा बी म्हणली न्हाय. मी पदराच्या शेवात मूठभर शेंगा न्हेल्या व्हत्या, त्या फोडून फोडून सगळं सांगितलं. ओळ, खण, मोकळी जागा, मान्याची शेपटी. मालकांचं कार्ड आलं ते बी सांगितलं. तितं तिचा ओठ जरा हलला. मला वाटलं झालं, मिटलं.

तिनं शेंगांची टरफलं गोळा केली, माझ्या पदरात घातली आन म्हणली, "मशीननं फोडलं, मान्य. पण फोडायला त्याच्या पुढ्यात माझ्या नवऱ्याचं नाव ठेवलं कुणी? मी तर नुसतं शिवबाई लिवती."

टरफलं घेऊन घरी आले.

३० जानेवारी, गुरुवार

तिचं खरं हाय की. नुसतं शिवबाई असतं तर तीस त्रिक नव्वद आन ती एक, एक्क्याण्णव कार्डं झाली असती. झाली त्र्याण्णव. म्हणजे ती तिघांची व्हती. म्हणजे कुणीतरी जोडलं!

परत सूनबाईकडं बघितलं. ती म्हणली, आत्याबाई, आता मात्र मी माहेरी जाईन. मंग ऋतुजा. ती काय चिडली न्हाय, उलट समजावून सांगाय लागली. "एक्सप्लोड नवीन काही आणत नाही, आजी. ओळीत असतं तेवढंच फोडतं. आणि ओळ मी वहीतली जशीच्या तशी उतरवली."

वही म्हणजे भजनी मंडळाची. आमच्याच फडताळात असती. कार्तिकात नवीन यादी केली तवा ज्या त्या बाईनं आपलं नाव आपल्या हातानं लिवलं व्हतं.

काढली. चष्मा लावला. बोट ठेवून वाचत गेले.

शिवबाई कोंडीबा साळुंखे.

तिच्याच हातचं. तिचा श मी आंधळी झाले तरी वळखीन. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मास्तरांनी धा येळा सुधारला, तरी गाठ मारल्यासारखाच काढती. मागल्या पानावर आदल्या वर्साची यादी — तितं नुसतं शिवबाई. तिच्या आदल्या वर्सी बी नुसतं शिवबाई. ह्या कार्तिकात तिघं.

वही मिटली. ऋतुजा म्हणली काय झालं. मी म्हणलं चष्म्याचा नंबर वाढला.

आता मला कळंना. ही विसरली व्हती का? का काल तोंडाकडं बघत व्हती माझ्या, हिला सापडतंय का म्हणून?

३१ जानेवारी, शुक्रवार

वही दाखवली की मी सुटले. पण मंग ती कुटं तोंड लपवंल? अकरा वर्सं सगळ्या पेठेला सांगत आलीय, माझ्या नावाला कुणाची गरज न्हाय म्हणून.

च्या आज बी एकटीनंच. साखर जास्त झाली.

१ फेब्रुवारी, शनिवार

गेले. वही न्हेली न्हाय.

दारातनंच म्हणलं, तुझं नाव यादीत तसं मीच घालायला सांगितलं. म्हातारपणी बुद्धी फिरली. पोरीची चूक न्हाय, मशीनची न्हाय. माझी. जे बोलायचं ते बोल.

तिनं सूप खाली ठेवलं. मंग म्हणली, "वही कुटाय?"

"घरी."

"बघितलीस?"

"न्हाय."

तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. "खोटं बोलायला तुला आजून येत न्हाय, बजे. बस. डोळ्यांना खडं दिसत न्हाईत माझ्या."

दोघींनी मिळून तूर निवडली. दोन शेर तरी असंल. येताना मी तिच्या भिंतीवरची दिनदर्शिका बघितली, सवय हाय मला. बघायला नको व्हती. महिना आजच सुरू झालाय आन हिनं नऊ तारखेला पेनानं गोल केलाय. कसला असंल? गॅसचा असंल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. शिवबाई च्याला आली, आपला कप आपणच घेतला. कोंडीबा आन त्याची बहीण रविवारी, नऊ तारखेला, परत येणार हायत. हे मला शिवबाईनं सांगितलं. तिला कुणी सांगितलं, ते मी इचारलं न्हाय.