सम तारखेचं घर

१८ जानेवारी
आज पुन्हा बाबा समोरच्या घरात जाऊन बसले.

पालिकेनं महिन्याच्या सुरुवातीला पाटी ठोकली — विषम तारखेला गाड्या आमच्या बाजूला, सम तारखेला समोर. आमच्या रस्त्यावरची घरं एका साच्यातली. तीच फाटकं, त्याच पायऱ्या. बाबांना घराचा नंबर आठवत नाही, माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण आपली राखाडी गाडी बरोबर ओळखतात. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं ना. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत फिरून येतात, बॉनेटवर थाप मारतात आणि गाडीशेजारच्या फाटकातून आत शिरतात. आत्तापर्यंत ते फाटक आमचंच असायचं.

समोर फौजदारीणबाई एकट्या राहतात. कोर्टात टायपिस्ट होत्या, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. पूर्वी स्कूलच्या गाड्या त्यांच्या दारात लागायच्या. त्या वायपरखाली टाइप केलेली चिठ्ठी खोचायच्या — ‘आपले वाहन त्वरित हलवावे’, खाली तारखेसह सही. बाबा त्याच चिठ्ठीनं इंजिनाचं ऑइल मोजायची पट्टी पुसायचे. दोन्ही घरांत कित्येक वर्षं बोलणं नाही.

२० जानेवारी
औषधाच्या दुकानातून सुटून आले, तर बाबा त्यांच्या व्हरांड्यात. चपला काढलेल्या, हातात कपबशी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. ‘बसू दे,’ एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

रस्ता ओलांडताना बाबा विचारतात, ‘ही बाई कोण गं? चांगली वाटली.’ जन्मभर शिव्या घातल्या तिला, आणि आता चांगली वाटली!

२१ जानेवारी
दादाचा फोन. कुणीतरी त्याच्या कानावर घातलंच. ‘आज समोर गेले, उद्या हमरस्त्यावर जातील. एकदा जरी हरवले ना, तर मी येऊन त्यांना संस्थेत ठेवणार. मग तू मध्ये पडायचं नाहीस.’

त्याचं चुकतं असं नाही. पण लांबून बोलायला काय जातं? फिरायला सोडलं नाही तर बाबा आतून दार वाजवत बसतात, ते त्याला ऐकू येत नाही.

२४ जानेवारी
मुद्दाम गाडी हलवली नाही. आपल्याच दारात ठेवून कामाला गेले. टोइंगवाले उचलून घेऊन गेले.

संध्याकाळी बाबा कोपऱ्यावर सापडले. एकेका परक्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघत होते. मला म्हणाले, ‘बाई, आमची गाडी दिसली का हो तुम्हाला?’

मला अहोजाहो केलं. घरी आणून हातपाय धुतले, जेवायला वाढलं. मग मोरीत नळ सोडून रडले. दादाला सांगितलेलं नाही.

२९ जानेवारी
पाटी काढून घेण्याचा अर्ज केला. दारोदार सह्या घेत फिरते आहे. सगळेच वैतागलेले. शिंपी म्हणाला, ‘गिऱ्हाईक समोर गाडी लावतं आणि समोरच्याच शिंप्याकडे शिरतं.’ दातांच्या डॉक्टरांचे पेशंट खुर्चीत तोंड उघडल्यावर विचारतात, आज तारीख काय. सगळ्यांनी सह्या दिल्या.

फौजदारीणबाईंनी अर्ज पूर्ण वाचला. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. आणि परत दिला. ‘मला तक्रार नाही.’

एक दिवसाआड दारात परक्याची गाडी, व्हरांड्यात परक्याचा म्हातारा — तरी तक्रार नाही? ही जुनी खुन्नस. दुसरं काय!

२ फेब्रुवारी
एकतीस विषम, एक तारीखही विषम. दोन दिवस गाडी आपल्या दारात, बाबा सरळ घरी. किती हलकं वाटलं.

आज त्यांना आणायला गेले तर फौजदारीणबाई म्हणाल्या, ‘दोन दिवस आले नाहीत.’ टोमणाच वाटला. मीही म्हटलं, ‘लवकरच यायचे कायमचे बंद होतील.’ त्या कप उचलून आत गेल्या.

१० फेब्रुवारी
प्रभाग कार्यालयात सुनावणी. खुर्च्या कमी, माणसं जास्त. साहेब म्हणाले, सर्व्हे करूनच निर्णय घेतलाय. मागून कुणीतरी ओरडलं, ‘मग सर्व्हेवाल्यांनाच इथं राहायला पाठवा.’ हशा झाला.

माझी पाळी आली. ठरवलं नव्हतं, पण सगळं बोलून बसले. बाबा गाडीवरून घर ओळखतात. चोवीस तारखेला त्यांनी मला बाई म्हटलं. साहेबांनी चष्मा काढला. काम होणार हे तिथंच कळलं, आणि स्वतःची किळस आली. बाबा भानावर असते तर असं चारचौघांत त्यांना उघडं केलेलं त्यांनी खपवून घेतलं नसतं.

मग फौजदारीणबाई उठल्या. ‘नियम आहे तसा राहू द्या.’ लोकांनी हुर्यो केली. साहेबांनी कारण विचारलं. ‘कारण लिहून द्यायलाच हवं का?’ म्हणाल्या आणि बसल्या. हातातली पिशवी मांडीवर सारखी नीट करत होत्या.

१९ फेब्रुवारी
जिंकलो. पाटी उद्या निघणार. शिंप्यानं पेढे— नाही, बिस्किटांचा पुडा वाटला. दादाला कळवलं. ‘बरं झालं. बघू किती दिवस टिकतंय,’ म्हणाला.

२२ फेब्रुवारी
सम तारीख, पण गाडी आपल्या दारात. बाबा कोपऱ्यावरून आले, बॉनेटवर थाप मारली, फाटक उघडलं, आत. मी खिडकीतून बघत होते. जीव भांड्यात पडला.

समोरच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीत त्या. स्टुलावर दोन कप. बराच वेळ तशाच बसल्या होत्या, मग दोन्ही कप आत नेले. मी पडदा ओढून घेतला. आपलं काय चुकलं, असं स्वतःला तीनदा विचारलं.

बाबा जेवताना दोनदा उठून दारापर्यंत गेले. ‘काय हवंय?’ विचारलं तर सांगता येईना.

२४ फेब्रुवारी
गाडी आपल्याच दारात होती. मी फाटकाशीच उभी होते. बाबांनी बॉनेटवर थाप मारली. मला नावानं हाक मारली, ‘येतो गं जरा’ म्हणाले, आणि रस्ता ओलांडून समोर गेले.