भोपळ्याला बोट दाखवू नये

हा-सेकोटी, मोखोटलोंगचे डोंगर
१४ नोव्हेंबर १९८७

ती. न्ताते यांस,
डोक्याला रुमाल बांधून, खांद्यावर ब्लँकेट घेऊन, तुमची सून मातुमेलो हिचा सा. न. वि. वि.

तुम्ही तिकडे मासेरूच्या दवाखान्यात, मी इथे डोंगरात. तरी सासऱ्यांना लिहायचं म्हणून हा सगळा जामानिमा केला. खाणीची धूळ छातीतून सुटतेय का, की अजून खोकलाच? तुमच्या लेकाचं पत्र आलं. लेफा खाणीत बरा आहे, नाताळला येतो म्हणतो.

आता खरं काम. सासूबाईंच्या भोपळ्याच्या सहाच बिया उरल्यात. गेल्या वर्षी माझं ते तसं झालं, मी अंथरूण धरलं आणि हिमाने सगळी कच्ची फळं मारली, बी धरताच आलं नाही. थंडीच्या आत पिकणारा असा आपल्या गावात हा एकच. या वर्षी नाही पिकला, तर सासूबाईंचा वाण संपला. मी पडले सपाटीवरची मुलगी. आमच्याकडे बी टाकायचं आणि विसरायचं. इथे कसं करतात ते सगळं लिहा.

गोळ्या उशीखाली लपवू नका. सुनेवर माया ठेवा.
तुमची मातुमेलो

मासेरू, २७ नोव्हेंबर

चि. सौ. मातुमेलो हिस न्तातेचे अ. उ. आ.

गोळ्यांचं तुला कोणी सांगितलं?

बी टाकून विसरायचं म्हणे! डोंगरात असं केलंस तर भोपळाही तुला विसरेल. बिया डब्यात माती घालून चुलीच्या उबेला रुजव. चार पानं फुटली की घरामागे, उन्हाच्या भिंतीशी लाव. खत भरपूर घाल. गुरांच्या वाड्यात सुनेने पाय ठेवायचा नाही, ठाऊक आहे. पाय बाहेर ठेव आणि फावडं आत घाल. तुझी सासू तेच करायची आणि मी तेवढ्यापुरतं आभाळ बघायचो.

गारठ्यात मधमाश्या आळशी होतात. सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला तूच लाव. एका वेलावर दोनच फळं राहू दे, बाकीची खुड आणि फेब्रुवारीत शेंडाही मोड. आपल्याकडे उन्हाळा नोव्हेंबर ते मार्च एवढासा, एप्रिलपासून हिमाची भीती, त्यात दहा तोंडं पोसत नाहीत. फळाखाली चपटा दगड सरकव, दिवसाचं ऊन तो रात्री परत देतो.

आणि कोवळ्या फळाला बोट दाखवू नकोस. बोटाने ते गळतं. दाखवायचंच झालं तर मूठ मिटून दाखव. हसू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.
तुझा न्ताते

हा-सेकोटी, ६ फेब्रुवारी १९८८

ती. न्ताते यांस सा. न. वि. वि.

लेफा महिनाभर राहून गेला. चार वेल जगले. फुलं मी लावली, फळं धरली. पण खुडणं काही होत नाही. विळा घेऊन जाते, लिंबाएवढी फळं बघते आणि परत येते. शेजारची मामोसा आजी म्हणते, तू भोपळे लावलेस की पाळणाघर?

तुमच्यापाशी काय लपवायचं. गेल्या वर्षी झऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, हिने तिसऱ्या महिन्यातच टोपी विणून दारात वाळत घातली, गावभर मिरवलं, मग कोणाचं तरी बोट लागणारच. तेव्हापासून मला वाटतं, माझ्याच मिरवण्याने ते बाळ गेलं. आता या हातांनी आणखी काही खुडवत नाही हो.

रागावू नका, जीव लावा.
मातुमेलो

मासेरू, १५ फेब्रुवारी

चि. सौ. मातुमेलो हिस अ. उ. आ.

झऱ्यावरच्या त्या बायकांना माझ्याकडे पाठवून दे. दवाखान्यात जिभेवरही औषध असेल.

बोटाचं ते भोपळ्यापुरतं आहे, पोरी. बाळ कोणाच्या बोटाने जात नाही आणि टोपीने तर नाहीच. आमचीही दोन गेली. तुझ्या सासूने टोपी विणली नव्हती, तरी गेली. मग तीन राहिली, त्यातला एक तुझ्या पदरात बांधला. लग्नात आम्ही तुला मातुमेलो, म्हणजे तुमेलोची आई, असं नाव दिलं, ते घाई करायला नाही. नाव थांबतं, त्याला कुठे जायचंय?

खुडताना तुझी सासूही रडायची. वेलाला माफ कर म्हणायची आणि खुडायची. खुडलेल्या फळांची भाजी करायची आणि रडत रडत दोनदा वाढून घ्यायची. तूही तसंच कर.

रागावलेलो नाही, माया तशीच आहे.
न्ताते

हा-सेकोटी, ९ एप्रिल

ती. न्ताते यांस सा. न. वि. वि.

खुडले. रडले. भाजी मात्र मामोसा आजीनेच खाल्ली, मला तिचा वास सोसला नाही.

हिम या वर्षी लवकर आलं. संध्याकाळी वारा पडला, आभाळ काचेसारखं झालं, तशी आजी धावत आली. घरातली सगळी ब्लँकेटं वेलांवर घातली, माझं लग्नाचंसुद्धा, आणि आम्ही दोघी एका गोणपाटात निजलो. सकाळी उघडी राहिलेली पानं काळी पडली होती. फळांना काही झालं नव्हतं. देठ लाकडासारखे झालेत, सालीत नख शिरत नाही. न्ताते, पिकले. सासूबाईंचा वाण राहिला.

फळं छपरावर वाळवली. आजीनेच तिचा नातू वर चढवला, मला शिडीला हात लावू दिला नाही. हल्ली ती मला पाण्याची बादलीही उचलू देत नाही. ओढ्याकाठची पांढरी माती आणून देते, तेवढी मात्र गोड लागते. बाकी विशेष काही नाही.

सर्वांत मोठा भोपळा बसवाल्याबरोबर पाठवतेय. बिया टाकू देऊ नका. लोभ करता तसाच करत राहा.
मातुमेलो

मासेरू, २१ एप्रिल

चि. सौ. मातुमेलो हिस अ. उ. आ.

भोपळा पोचला. नर्सबाईंनी उकडला, सगळ्या वॉर्डाने खाल्ला. मी पहिला घास तोंडात घोळवून घोळवून खाल्ला. तीच चव. तुझ्या सासूच्या हातची म्हणालो असतो, पण ही तुझ्या हातची आहे. बिया धुऊन वाळवल्यात, रुमालात बांधून याच बसने पाठवतोय. डॉक्टर म्हणतात, जूनमध्ये घरी सोडतील.

तुझं पत्र तीनदा वाचलं. भाजीचा वास, शिडी, पांढरी माती. मी पाच लेकरांचा बाप आहे, दुधखुळा नाही. पण मी काही विचारत नाही, तू काही लिहू नकोस. वॉर्डात कोणाला बोललो नाही, लेफालाही कळवणार नाही.

फक्त काल संध्याकाळी खाटेवर बसून खिडकीतून आपल्या डोंगरांकडे तोंड केलं. बाळ बोटाने जात नाही, हे मीच तुला लिहिलं होतं. तरी मी तुमच्या दिशेने हात केला, तो मूठ मिटूनच.

माया नेहमीची आहेच. या वेळी थोडी जास्त पाठवतोय, कोणासाठी ते विचारू नकोस.
तुझा न्ताते