वळणावरच्या धोंड्याचं नाव

प्रिय आचे,

तुझ्या या धाकट्या भावाला तुझा पत्ता मिळाला तो तुझ्या नवऱ्याबरोबर पूर्वी स्वयंपाकी म्हणून फिरणाऱ्या माणसाकडून. गेल्या आठवड्यात तो पाहुण्यांची टोळी घेऊन खिंडीतून आपल्या गावात उतरला. तुला मुलगी आहे, शाळेत जाते, हे त्यानंच सांगितलं. मी त्याला भंडावून सोडलं. तिचं नाक कुणावर गेलंय? किन्नौरमध्येही तू चहात सातू कालवून खातेस का? आपली बोली तिला येते का? शेवटी वैतागून म्हणाला, "अरे बाबा, मी भात शिजवायला आलोय की साक्ष द्यायला?"

इथं या उन्हाळ्यात एक वेगळंच प्रकरण झालं. लेहहून अंगमो नावाची मुलगी दरीचा नकाशा करायला आली. पायी फिरणारे वाटा चुकतात, म्हणून. तिला प्रत्येक शेताचं, झऱ्याचं, उताराचं नाव हवं होतं. पाहुणे ठेवायची पाळी नेमकी आपल्या घराची. आबाले बापाच्या अधिकारानं म्हणाले, "आपण कोण ते डोंगराला ठाऊक आहे. कागदाला कशाला सांगायचं?" आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन तेच सगळ्यांच्या पुढे! मला वाटायचं, मला सगळं माहीत आहे. छे! आपल्या वाटाण्याच्या शेताचं नाव 'रडकं' आहे, ठाऊक होतं तुला? वाटणीत ते पदरात पडलं तेव्हा पणजी रडली होती म्हणे. एका झऱ्याच्या नावावरून तर वरची आळी आणि खालची आळी भांडलीच. अंगमोनं दोन्ही नावं लिहून घेतली आणि गुपचूप चहा प्यायली.

तिसऱ्या दिवशी आम्ही खिंडीच्या वाटेला लागलो. गाव दिसेनासं होतं त्या वळणावर मोठा धोंडा आहे ना, तिथं अंगमोनं विचारलं, "याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "काहीच नाही." आबाले पाठमोरे होते. तसेच म्हणाले, "डिस्केट."

आचे, खालच्या गावात तुझ्या लग्नाचा दिलेला शब्द मोडून तू गेलीस, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून 'डिस्केट' हे तुझं नाव घरात कुणी काढलेलं नाही. संध्याकाळी मी मेंढ्या राखणाऱ्या पलझोमकाकूला गाठलं. ती हसायला लागली. "तुलाच माहीत नाही होय रे? जाताना ती तिथं बसून गावाकडे बघत राहिली होती. आम्ही वरच्या कुरणातून पाहिलं. डिस्केटवर ऊन आलं की आम्ही जनावरं हाकतो. तुमच्या घरासमोर बोलत नाही, एवढंच." मग म्हणाली, "तुझा बाप तिच्या मागोमाग आला होता. ती उठेपर्यंत खाली झुडपाआड उभा राहिला. हाक काही मारली नाही त्यानं."

मी हे आबालेंना विचारलेलं नाही. तुला मात्र सांगायलाच हवं होतं.

आता पत्राचं कारण. अंगमो म्हणते, जिवंत माणसाचं नाव नकाशावर घालायचं तर त्या माणसाचा होकार लागतो. मी आबालेंना म्हटलं, पत्र टाकून विचारतो. ते बराच वेळ जोड्यातली माती झटकत बसले. मग म्हणाले, "विचार. पण उत्तर पत्रानं नको म्हणावं. इथं यावं, धोंडा बघावा आणि मग हो की नाही ते सांगावं. पोरीलाही आण म्हणावं." जवाची कापणी होईपर्यंत खिंड मोकळी असते, आचे. कधी येतेस तेवढं कळव, मी न्यायला वर येतो.

तुझाच धाकटा,
थिनलेस