हार घातलेला डॉक्टर

पाटणजवळून,
१९९७, थंडी सुरू

चिरंजीव डॉक्टर मानसिंग यास नाथाजीकाकाचा आशीर्वाद.

सांगलीत तुझं आणि सूनबाईचं बरं असेलच. इकडे गुरंढोरं ठणठणीत. काकूची धाप मात्र तशीच. फोनचं दुकान स्वतःचं असून काका पत्र का लिहितोय, असं मनात आलं असेल. येतो तिकडे.

दर गुरुवारी फोनवर पेशंट बघायचं तू ठरवलंस ते मुळात काकूसाठीच, कारण घाटात तिला एस.टी. सोसत नाही. पण ती म्हणाली, "हात न लावता कसला आलाय डाक्टर?" मग गावही तेच म्हणायला लागलं. लालासाहेबानं (माझ्याच पलटणीतला) रिसीव्हरला जीभ काढून दाखवली. बायका काचेच्या खोक्यात, पानपट्टीसमोर, तोंड उघडेनात. म्हणून मी पलटणीतली कांबळ पडदा म्हणून लावली, आत स्टूल ठेवलं. तरी "बोलतंय कोण, दिसत न्हाई" हे राहिलंच. शेवटी तुझ्या लग्नातला फोटो पाटणला मोठा करून आणला. फ्रेमवाल्यानं सवयीनं चंदनाचा हार चढवून दिला, आणि मी तो तसाच टांगला. (फौजेत मिळालेली वस्तू कुणी परत करत नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो आला, टोपी काढली आणि "लय वाईट झालं" म्हणत माझ्या गळ्यात पडला. दुपारी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून दिली. मी जेवलो, भूक लागली होती. तेवढ्यात ही बातमी ऐकून काकू रानातून धावत आली. तू जिवंत आहेस म्हणून मी घसा कोरडा केला, पण माझ्यावर तिचा विश्वास किती ते तुला माहीतच आहे. नंबर लावून दिला, तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा रिसीव्हर हातात घेतला. पुढचं तू ऐकलंसच. ती रडत होती, आणि तू स्वतःच्या मरणाबद्दल चकार शब्द न काढता म्हणालास, "काकू, आधी स्टुलावर बस. एवढी धाप कधीपासनं लागतीय?" बोलली की रे ती! आडवं झालं की दम कोंडतो, पाय सुजतात, सगळं सांगितलं. मला यातलं काही माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं. आता गुरुवारी पहिली तीच असते आणि तिच्यामागून बाकीच्या बायका येतात.

तुझा,
काका

ता.क. हार काढला. फोटो राहू दे, असं बायका म्हणतात.

ता.क. दुसरा. तू पाठवलेल्या गोळ्या घेते असं काकू फोनवर सांगते ते साफ खोटं आहे. पुडी देव्हाऱ्यात ठेवलीय, रोज हळदकुंकू वाहते. म्हणते, "पोरगं बोलतंय ग्वाड, पर एकदा माजा हात धरून बघू दे, मग गिळीन." हे फोनवर सांगता येत नाही, कारण कांबळीतून सगळं बाहेर ऐकू येतं. (बायकांना अजून सांगितलेलं नाही.) तिची धाप ऐकत मी भिंतीकडं तोंड करून पडतो आणि मला भीती वाटते, मानसिंग. एकदा ये आणि तिचा हात धर.