मोर मानेपर्यंत आला होता

सोलापूर, मंगळवार, १९७८

आज कॉलेजात सरांनी सांगितलं, कॉम्प्युटरची एक स्मृती वीज आहे तोवरच टिकते. दुसरी कार्डांवरच्या भोकांत राहते, वीज गेली तरी. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचा माग.

संध्याकाळी अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, वडिलांचे नक्षीच्या भोकांचे पुठ्ठे मागावर चढवले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. चादरीवर त्यांचा मोर जसाच्या तसा उतरू लागला. पण मोर विणताना ते तेलुगूत काहीतरी गुणगुणायचे, ते कुठल्या पुठ्ठ्यात असेल? वेडाच आहे मी.

एवढ्यात वीज गेली. मोर मानेपर्यंतच आला होता. अंधारात कुणीतरी तीच चाल गुणगुणत होतं. अण्णा असेल, म्हणून मी कान देऊन ऐकू लागलो, तशी ती थांबली.

अम्माने चाचपडत माझा खांदा धरला आणि म्हणाली, “का थांबलास रे? म्हण की.”