माझ्या दहाव्याचा माईक

मी, रविराज आप्पासाहेब थेटे, वय वर्षे सव्वीस, राहणार पुणतांबा, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर (आधार कार्डावर अजून अहमदनगर आहे, माणूस तोच), धंदा शेती असं लिहिलं होतं पण आप्पा हसतील म्हणून खोडून भटकंती लिहितो, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी प्यालेलो नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. म्हणजे दबाव आले, पण ते सगळे गप्प बस म्हणणारे होते, लिही म्हणणारा एकही नव्हता.

या वयात कोणी मृत्युपत्र करत नाही हे मला कळतं. पण परवा मी काश्मीरला निघालो आहे. तिथल्या कोर्टात शपथेवर सांगायचं आहे की तौसीफ नावाच्या पत्रकाराला धरून नेलं तेव्हा मी तिथं होतो आणि ते माझ्या मोबाईलवर उतरलं आहे. मी जाणार हे कळल्यावर एक फोन आला. हिंदीत होता, मी मराठीत लिहितो : "वर ये खुशाल. खाली कसा जातोस ते बघू." परत आलो तर हा कागद मीच फाडीन. नाही आलो तर खालीलप्रमाणे वागावं.

कलम पहिलं. जमीन आणि घर आप्पांच्या नावावर आहे, त्यावर मी बोलत नाही. बँकेत काय असेल ते आईला द्यावं, फार वेळ लागणार नाही. माझी मोटरसायकल आप्पांना द्यावी. किक मारताना ती उजवीकडे झुकते, तेव्हा आधी भिंतीला टेकवावी. हे मी नाशिकच्या एका गॅरेजवाल्याकडून शिकलो. त्याच्याकडे मी हेल्पर होतो, त्याआधी शिर्डीला गुलाबाच्या हारांच्या दुकानात, त्याआधी आयटीआयला नाव होतं. बारावीचं विचारू नये.

कलम दुसरं. खिळे ठोकायची छोटी हातोडी माझा मित्र सहादेव याला द्यावी. ती त्याच्याच ट्रकमध्ये पडून आहे. सहादेव डाळिंबं घेऊन वर जातो आणि येताना सफरचंदं भरतो. मागच्या मोसमात मी त्याच्यासोबत गेलो होतो. खोऱ्यात दरड कोसळून रस्ता बंद, ट्रकची रांग लागलेली. मला एका जागी बसवत नाही.

"कुठं चाल्ला रं?" सहादेव म्हणाला.

"आलोच."

"तुझं आलोच म्हंजी दिवाळीच उजाडती."

खरंच तसं झालं. रस्त्याखाली एक सफरचंदाची बाग होती, तिथं पेट्या भरायला माणूस कमी होतं. मी हातोडी उचलली आणि मोसम संपेपर्यंत तिथंच राहिलो. सहादेव रस्ता उघडल्यावर शिव्या देत एकटा खाली आला, मला पुढच्या फेरीत घेऊन आला. त्या शिव्या अजून फिटल्या नाहीत, त्याबद्दल हातोडी.

कलम तिसरं. लोकरीचा फेरन, म्हणजे घोळदार अंगरखा, आणि त्याच्या आत धरून बसायची निखाऱ्यांची कांगडी, या दोन्ही वस्तू माझी आई भीमाबाई हिला द्याव्यात. कांगडीत ती आताही धूप घालते. घालू दे. या वस्तू मला बागेच्या मालकीणबाईंनी दिल्या. त्यांचं नाव झूना. मी त्यांना मावशी म्हणायचो. मीठ घातलेला गुलाबी चहा पहिल्या दिवशी मी गुपचूप झाडाच्या बुडात ओतला, तो त्यांनी पाहिला, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी साखरेचा वेगळा करायला लागल्या. त्या म्हणायच्या, "आईला कळव, तिचं एक पोर माझ्याकडं आहे."

त्यांचं स्वतःचं पोर तौसीफ. मावशी त्याला कागदवाला म्हणून चिडवायच्या. एका छोट्या साप्ताहिकात होता. त्याचं ओळखपत्र काढून घेतलं होतं, ऑफिसला दोनदा कुलूप लागलं होतं, छापखानेवाल्यांना दम दिलेला होता. तरी तो गावोगाव जाऊन, कोणाचा मुलगा नेला आणि परत आणला नाही, ते लिहून घ्यायचा. मी विचारलं, छापणार कुठं? म्हणाला, "छापायचं नंतर बघू. आधी नावं तर चुकायला नकोत." आमच्याकडे एक माणूस आहे, त्याच्याकडे कॅमेरा आहे, गाडी आहे, कोणी कुलूप लावत नाही. त्याच्याबद्दल पुढे येतंच.

कलम चौथं. माझा मोबाईल आणि त्यातलं मेमरी कार्ड माझी बहीण पूजा हिच्याकडे राहील. अस्सल कार्ड मी सोबत नेत आहे, त्याची नक्कल तिच्याकडे आहे आणि एक सहादेवकडे. ती कोणालाही, खाकीतल्या कोणालाही, वकिलाशिवाय देऊ नये.

त्यात काय आहे ते इथं लिहितो, म्हणजे कार्ड गेलं तरी हा कागद राहील. सफरचंदं पेटीत कशी रचतात ते पूजाला बघायचं होतं, म्हणून मी मोबाईल पेट्यांच्या थप्पीवर टेकवून चालू ठेवला होता. तौसीफ सुट्टीवर होता, कागदात फळं गुंडाळत होता, माझ्या ठोकण्याला नावं ठेवत होता. मग वर्दीतली माणसं येतात. कुठली वर्दी ते क्लिपमध्ये दिसतं, तौसीफची केस लढणाऱ्या वकिलीणबाईंनी इथं लिहू नको म्हणून सांगितलं आहे. ते नाव विचारतात. तो नाव सांगतो, साप्ताहिकाचं नावही सांगतो. मी हात लांब करून "ओ साहेब, थांबा ना" असं मराठीत म्हणतो, घाबरल्यावर मला दुसरी भाषा येत नाही. तौसीफ स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत चालत जातो. चढताना मागं वळून मावशींना सांगतो की चुलीवरचा चहा उतू जाईल, उतरव. गाडी जाते. क्लिपमध्ये नंतर बराच वेळ नुसत्या पेट्या दिसतात आणि मावशींचा आवाज येतो.

तेव्हापासून तौसीफ नाही. विचारायला गेलं की सांगतात, असा कोणी आमच्याकडे आलाच नाही, पोरगा आपणहून सीमेपलीकडं पळाला असेल.

कलम पाचवं. शाल, फेटा, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. नारळ आईनं फोडून खोबरं केलं, बाकीच्या वस्तू ट्रंकेत आहेत. त्या श्रीमंत गाडेकर, संपादक, तडाखा लाईव्ह, यास परत कराव्यात. कशा, ते कलम सहामध्ये.

वर नेट बंद होतं, म्हणून मी क्लिप घेऊन गावी आलो आणि श्रीमंतला दिली. मी अधूनमधून त्याचा कॅमेरा धरायचो. अपघात, उद्घाटनं, बिबट्या. त्यानं पूर्ण क्लिप पाहिली. डोळे पुसले, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणाला, "रव्या, ही बातमी मी देशाला दाखवतो. तू फक्त चौकात ये, तुझा सत्कार करू."

मी गेलो. मला वाटलं, इथली माणसं पहिल्यांदा मावशींचं ऐकणार. स्टेज होतं, एलईडी स्क्रीन होता, आप्पा पहिल्या रांगेत नवी टोपी घालून. मला फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली, आणि मग स्क्रीनवर माझी क्लिप लागली. आवाज काढून टाकलेला. वर ढोल-ताशा. मी थांबा म्हणून लांब केलेल्या हाताभोवती लाल गोल, गोलातून तौसीफकडे बाण, आणि खाली मोठ्या अक्षरांत : नगरच्या पठ्ठ्यानं पकडून दिला हेर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यावर फेटा होता.

स्टेजमागं मी श्रीमंतची कॉलर धरली. "आवाज कुठंय?"

"आवाज काय करायचाय? कुणाला कळतीय ती भाषा."

"मी थांबा म्हणतोय त्यात. मराठीत."

"सोड, शर्ट इस्त्रीचा हाय."

"वरून फोन आला व्हता का तुला?"

त्यावर तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहितो. "फोन यायच्या आदीच कळतं रं, कसं दावायचं. नवीन हायेस तू."

ती क्लिप फिरत फिरत वर पोचली. मावशींचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "तू?" मी डोक्यात हिंदी जुळवत राहिलो, तोपर्यंत लाईन गेली. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. साप्ताहिकातल्या एका मुलाकडून वकिलीणबाईंचा नंबर मिळवला, पूर्ण क्लिप पाठवली. त्या म्हणाल्या, नुसत्या क्लिपनं भागणार नाही, ज्यानं काढली तो माणूस उभा राहायला हवा. विरुद्ध बाजूचा वकील म्हणे श्रीमंतची क्लिप दाखवणार आहे. म्हणून मी जातोय. तौसीफसाठी जातोय, आणि त्या "तू?"चं उत्तर तोंडावर द्यायला जातोय.

कलम सहावं. हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळे घाई करू नये.

माझा दहावा गोदावरीच्या घाटावर व्हावा. निमंत्रण श्रीमंत गाडेकरला पहिलं द्यावं. तो न सांगताही येईल, कारण आपल्या भागातला एकही दहावा त्याच्या माईकशिवाय होत नाही. प्रवचन संपलं की श्रद्धांजलीचा माईक त्याच्याच हातात असतो, कोण पुढारी आधी बोलणार ते तोच ठरवतो. प्रत्येक मेलेल्या माणसाला तो अजातशत्रू म्हणतो, ज्याच्यावर बांधावरून तीन केसेस होत्या त्यालाही म्हणाला होता. मला म्हणू नये. मला शत्रू आहे आणि माईक त्याच्याच हातात आहे.

पिंड ठेवल्यावर कावळा शिवणार नाही. हे मी आत्ताच सांगतो. कावळा शिवत नसला की आपल्यात माणसं पुढं होऊन मेलेल्याची इच्छा बोलून दाखवतात, पोरीचं लग्न करू, विहीर पुरी करू. तसं माझ्या पिंडापुढं कोणी काही बोलू नये. पूजाच्या लग्नाचं तर मुळीच नको, तिला शिकायचं आहे. सहादेवनं ट्रकचा मोठा स्पीकर लावून पूर्ण क्लिप आवाजासकट वाजवावी. मग श्रीमंतच्या खांद्यावर माझी शाल टाकावी, डोक्याला फेटा बांधावा, हातात सन्मानचिन्ह द्यावं आणि माईकवर त्यानं हे म्हणावं : "मी दाखवलेलं खोटं होतं. रविराज थांबा म्हणत होता. तौसीफला नेला तेव्हा तो जिवंत होता आणि स्वतःच्या पायांवर उभा होता." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते पूजानं मोबाईलवर घ्यावं आणि वकिलीणबाईंना पाठवावं.

तो म्हणेपर्यंत कोणी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू नये. भटजी घाई करतील, त्यांना पुढचा दहावा असतो. ऊन होईल, पाहुण्यांना गाड्या गाठायच्या असतील, जेवणाची भांडी वाट बघत असतील. बसू द्यावं. चौकात ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना खास सावली सोडून बसवावं. भूक लागली की तेच श्रीमंतला उठवतील, माझी भिस्त त्यांच्यावर आहे.

कलम सातवं. माझा देह मिळाला नाही तर. झूना मावशींना मुलगा मिळालेला नाही, त्यामुळे त्यांना रडायलाही दिवस ठरलेला नाही. आई, तुझ्यावर ती वेळ आली तर मावशींना फोन कर, भाषा येत नसली तरी कर. पण विधी थांबवू नये. दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा आणि दहावा घालावाच. देह नाही म्हणून श्रीमंतला सवलत मिळता कामा नये.

दुरुस्ती. हे सगळं मी ओट्यावर बसून सहादेवला वाचून दाखवलं. गोठ्यात आप्पा धारा काढत होते, ते ऐकत आहेत हे मला माहीत नव्हतं. सत्काराचा फोटो त्यांनी फ्रेम करून दारावर लावला आहे आणि त्यावरून आमचं बोलणं बंद होतं. बादली ठेवून ते आले.

"साक्षीदार किती लागत्यात?"

मी म्हणालो, दोन. सहादेव आहे, दुसरा बघतो. राहात्याच्या कोर्टाबाहेरचा टायपिस्ट म्हणाला होता की ज्याला काही मिळतंय त्यानं साक्षीला राहू नये.

"मला काय ठिवलंय?"

"मोटरसायकल."

"ती पूजाला दी. माझं नाव काढ. मी ऱ्हातो साक्षीला."

म्हणून कलम पहिल्यातली मोटरसायकल पूजाला. सहादेवही साक्षीदार, म्हणून कलम दुसऱ्यातली हातोडीही पूजाला, त्याच्या शिव्या तशाच बाकी. आप्पांना माझ्याकडून काही नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, पुन्हा वाचला, आणि राग कमी झाला नाही म्हणून तसाच ठेवला आहे.

ठिकाण : पुणतांबा
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सही : रविराज आप्पासाहेब थेटे

साक्षीदार १ : सहादेव किसन बनसोडे, ट्रक ड्रायव्हर. रविराजनं माझ्यासमोर सही केली. स्पीकर माझ्याकडं आहे.

साक्षीदार २ : आप्पासाहेब थेटे. रविराजनं माझ्यासमोर सही केली. सगळं ऐकलं, मग चष्मा लावून वाचलं. दारावरचा फोटो उतरवून ठेवला. श्रीमंतसाठी पोराच्या दहाव्याची वाट मी बघणार न्हाई. उद्या घाटावर माळवाडीच्या म्हातारीचा दहावा हाय, माईक त्याच्याकडंच आसंल. शाल मी घिऊन जातो. सहादेव, स्पीकर आन.